मोह आणि मोह

मराठीत ‘मोह’ दोन आहेत. मनाचा मोह संस्कृत ‘मुह्’, म्हणजे भान हरपणे, या धातूतून आला. मूढ आणि मुग्ध ही त्याचीच भावंडे. झाडाचा मोह मात्र ‘मधूक’चा वंशज: प्राकृतात ‘महुअ’, मराठीत मोह. त्याच्या मुळाशी मध आहे, भुरळ नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिलच्या पहाटे मांसल, पिवळसर फुले टपटपतात. टोपलीत वेचून वाळवली की मनुकांसारखी तांबूस होतात. भिजवून आंबवली की त्यांतल्या साखरेचा मद्यार्क होतो. तो मेंदूतल्या पेशींचे संदेश मंद करतो, भान सुटते आणि दोन्ही मोह एकाच पेल्यात भेटतात. हीच फुले भाकरीतही घालतात, ती कुणाला चढत नाही.