धुरातले मँगनीज



भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीत जे मँगनीज निघते, तेच मूलद्रव्य आपल्या दिघी-भोसरीच्या शेडमधील वेल्डिंगच्या रॉडमध्ये असते. रॉड जळाला की ते धुरावाटे वेल्डरच्या छातीत उतरते; वर्षानुवर्षे फार धूर गेला तर मज्जासंस्था बिघडते. कामगार म्हणतो, धूर बाधतो. मालक विचारतो, किती? या ‘किती’चे उत्तर देणारी एक विद्या अणूच्या पोटातून निघाली आहे.

१९३६ साली कोपनहेगनमध्ये जॉर्ज हेव्हेशी आणि हिल्डे लेव्ही दुर्मिळ मृदा-मूलद्रव्यांच्या मागे लागले होते. ही भावंडे इतकी सारखी, की रसायनांनी त्यांना वेगळे करणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांचे काम. या दोघांनी नमुन्यांवर न्यूट्रॉनचा मारा केला, तेव्हा डिस्प्रोशियम प्रखरपणे किरणोत्सारी झाले. हा किरणोत्सार सव्वादोन तासांच्या सुमारास निम्मा होई. तीच त्याची ओळख. इट्रियमच्या नमुन्यात ते किती मिसळले आहे, हे नमुना न विरघळवता मोजता आले.

न्यूट्रॉनांचा खरा पूर मात्र अणुभट्टीतच मिळतो. आपल्याकडे तो ४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत तुर्भे येथे ‘अप्सरा’ चालू झाली तेव्हा आला. ती भट्टी २००९ मध्ये बंद झाली. १० सप्टेंबर २०१८ रोजी तिच्या जागी ‘अप्सरा-यू’ चालू झाली. नमुना आणि ठाऊक मापाचा तुकडा एकत्र भट्टीत ठेवायचा, मग दोहोंतून निघणारे गॅमा किरण मोजून ताडायचे. मँगनीजचा किरणोत्सार अडीच तासांत निम्मा होतो, सोन्याचा पावणेतीन दिवसांत. म्हणून मँगनीज लगेच मोजावे, सोने सवडीने. धातुक असो की हवेतील धूळ धरलेला फिल्टर, रीत तीच.

पण हिच्या मर्यादाही ऐका. शिसे हिला जवळजवळ दिसत नाही. क्रोमियम किती ते सांगते, पण ते कोणत्या रूपातले ते सांगत नाही. आणि प्लेटिंगच्या टाकीवर उभ्या माणसाला नेमके तेच विचारायचे असते, कारण घातक रूप वेगळे.

शिवाय फिल्टर कुठे टांगला होता? एका कारखान्यात तो दाराशी लावला, तोही निम्मी बाके बंद असलेल्या दिवशी. तपासणी साध्याच प्रयोगशाळेत झाली. अहवाल स्वच्छ आला. अणुभट्टीत पाठवला असता तरी तोच आला असता! त्यानंतर आम्ही मागणीपत्रात एक ओळ घातली: फिल्टर वेल्डरच्या कॉलरला, आणि पूर्ण पाळीभर. ती मान्य व्हायला दोन करार लागले.