गिलानुपट्ठान आणि संकटग्रस्त कुटुंब : भीमथडी-इंदापूरच्या इतिहासाच्या प्रकाशात

विनयपिटकाच्या महावग्गात, चीवरक्खन्धकात, एक प्रसंग आला आहे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आयुष्मान आनंदासह विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता भगवान तेथे आले. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत, असे त्याने सांगितले. भगवंतांनी आनंदाकरवी पाणी आणविले, त्याला न्हाऊ घातले, एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून मंचकावर निजविले आणि त्यानंतरच भिक्खुसंघास एकत्र बोलाविले. येथे तुमची काळजी घेण्यास आईवडील नाहीत; तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर ती घेणार कोण, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. जो रुग्णाची सेवा करतो तो तथागताचीच सेवा करतो, हे बौद्ध परंपरेतील सुप्रसिद्ध वचन याच प्रसंगातले होय.

हा प्रसंग आपल्या विहारांतून अनेकदा सांगितला जातो. परंतु त्यातील कृतींच्या क्रमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आधी पाणी, मग मंचक आणि सर्वांत शेवटी उपदेश. या क्रमाचा पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासाशी आणि तेथील आजच्या कुटुंबांशी काय संबंध आहे, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करू इच्छितो.

शुश्रूषकाचे पाच गुण

वरील प्रसंगानंतर लगेचच शुश्रूषा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे, पाच गुण दिले आहेत. तो औषधाची व्यवस्था करू शकणारा असावा. पथ्य काय व अपथ्य काय हे त्याला कळावे. लाभासाठी नव्हे तर मैत्रचित्ताने तो सेवा करणारा असावा. मलमूत्र व वांती यांची त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करण्यास तो समर्थ असावा. धम्मकथा या यादीत आहे, पण ती पाचवी आहे. तसेच ज्या रुग्णाची शुश्रूषा करणे कठीण जाते त्याच्या लक्षणांत, हितचिंतक शुश्रूषकाला तो आपला आजार आहे तसा सांगत नाही, हेही एक लक्षण आहे. दुखणे लपविणे हा परिस्थितीचा दोष असेल. पण त्यामुळे मदतीची वाट बंद होते, हे विनयकारांनी ओळखले होते.

धम्मपद-अट्ठकथेतील पटाचाराची कथा हाच क्रम दाखविते. पती, दोन मुले, आईवडील व भाऊ एकापाठोपाठ गमावून वस्त्राचेही भान न राहिलेली ती स्त्री जेतवनाकडे आली. लोक तिला वेडी म्हणून हाकलू लागले. तिला अडवू नका, असे भगवंतांनी सांगितले. ती भानावर आली तेव्हा जवळच्या एका माणसाने आपले उत्तरीय तिच्या अंगावर टाकले. धम्म तिने ऐकला तो त्यानंतर. पुढे थेरी झाल्यावर अपत्यशोकाने व्याकूळ झालेल्या अनेक स्त्रियांना तिनेच सावरले, असे थेरीगाथेची परंपरा सांगते. जिला आधार मिळाला तीच पुढे इतरांचा आधार झाली. वस्त्र टाकणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र कथेत आलेले नाही.

सुपे, दुष्काळ आणि सत्यशोधक

आता या प्रदेशाकडे वळू. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील जमीनमोजणी व सारा-आकारणीची नवी पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 च्या सुमारास प्रथम इंदापुरात लागू केली. सारा रोखीने भरावयाचा, पाऊस मात्र बेभरवशाचा. त्यामुळे कुणबी सावकाराच्या वहीत अडकत गेला. 12 मे 1875 रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातील, सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला व कर्जरोखे जाळण्यात आले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून जे नोंदले गेले त्यांचा आरंभ येथला आहे. त्यातून 1879 चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला.

परंतु कायदा येण्यापूर्वीच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ येऊन गेला. 1877 च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे, एवढ्यावर आणण्यात आली. तिच्याविरुद्ध मजुरांनी काम सोडले आणि पुणे सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी केल्या. याच काळात ज्याच्या खोदाईस हात घातला गेला तो नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला व त्याने पुढे बारामतीचे रूप पालटले. कालव्याचे पाणी जमीनधारकाच्या शेतात गेले. वेशीबाहेरच्या भूमिहीनाच्या वाट्याला त्या पाण्यावर पिकणाऱ्या उसातील मजुरी आली.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे कार्य या संदर्भात पाहिले पाहिजे. विधवांना गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत होता यावे म्हणून त्यांनी 1863 मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. 1877 मध्ये सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला. त्याच वर्षी सावित्रीबाईंनी जुन्नर भागातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात लोकांच्या हालांबरोबरच सत्यशोधक मंडळी त्यांना कसा धीर देत आहेत हेही सांगितले आहे. 10 मार्च 1897 रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच त्यांचा अंत झाला. सरकारी मदत कामाच्या मापाने मोजून दिली जात होती. सावित्रीबाई स्वतः रुग्णापाशी गेल्या. गिलानुपट्ठाक या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ आम्हांस ठाऊक नाही.

बहिष्कार : 1930 ते बावडा

अस्पृश्य कुटुंबांवर दुष्काळाखेरीज आणखी एक संकट येत असे आणि ते पूर्णतः मानवनिर्मित होते. ते म्हणजे सामाजिक बहिष्कार. शेतावर काम नाही, दुकानात मीठ-मिरची नाही, पिठाच्या गिरणीवर दळण नाही. असे संकट आले की ज्याच्याकडे मदत मागावी तोच संकट आणणारा असतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य होते. 1930 मध्ये गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत त्यांनी व रावबहादूर श्रीनिवासन यांनी बहिष्कार हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवावा, अशी स्पष्ट मागणी केली होती.

त्यानंतर 42 वर्षांनी, 1972 च्या उन्हाळ्यात, इंदापूर तालुक्यातील बावडा येथील दलित वस्तीवरील बहिष्काराची बातमी महाराष्ट्रभर पोहोचली. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे स्त्रियांची विटंबना झाली तीही याच काळात. मुंबईतील तरुण लेखक-कार्यकर्ते अस्वस्थ झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या दलित पँथरच्या जन्मकथेत या दोन गावांची नावे कायमची कोरली गेली आहेत. पँथरच्या इतिहासाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु बातमी मुंबईस पोहोचण्यापूर्वीच्या दिवसांत बावड्याच्या घरांतील चुली कशा पेटल्या असतील, लेकरांची समजूत कोणी घातली असेल, हा प्रश्न इतिहासलेखनात विचारला जात नाही. आमच्या दृष्टीने तोही इतिहासाचाच प्रश्न आहे.

बाबासाहेबांची 1930 ची मागणी टप्प्याटप्प्याने कायद्यात आली. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील 1995 च्या नियमांनी पीडितांना तातडीचे साहाय्य, प्रवासखर्च व पुनर्वसन देण्याचे दायित्व शासनावर टाकले. 2016 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक व आर्थिक बहिष्कार या कायद्यात स्पष्टपणे गुन्हा ठरला. महाराष्ट्राचा स्वतंत्र सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2017 मध्ये लागू झाला.

रिकामी राहिलेली जागा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. घरातील देव गेले, त्यांच्याबरोबर देवऋषी, अंगारा व गंडेदोरे गेले. हे योग्यच झाले. परंतु त्या जुन्या व्यवस्थेत, कितीही खोटी असली तरी, एक गोष्ट होती. घरात कोणी अबोल झाले, कोणाला झोप लागेना, सून माहेरी परतली, तर रात्री-अपरात्री जाण्यास एक दार होते. ते दार आपण बंद केले. त्या जागी विहाराचे दार उघडले काय?

येथे आम्हांस आमचाच एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एका विहारात व्याख्यान आटोपल्यावर एक वृद्ध उपासिका थांबून राहिली होती. मुलाने दोन महिन्यांपासून बोलणे सोडले आहे, डोक्यावर कर्ज आहे, रात्री उठून बसतो, काय करावे, असे तिने विचारले. आम्ही तिला किसा गोतमीची कथा सांगितली. तिने ती ऐकली, हात जोडले आणि ती निघून गेली. तिने कथा मागितलीच नव्हती, तिला एका दाराचा पत्ता हवा होता. पाचवा गुण आम्ही पहिल्या जागी ठेवला होता.

सुत्तांनी मात्र हा विचार केला आहे. संयुत्तनिकायातील गिलानसुत्तात महानाम शाक्य विचारतो की सुज्ञ उपासकाने आजारी उपासकास कसा उपदेश करावा. येथे सांगणाराही गृहस्थ आहे व ऐकणाराही गृहस्थच आहे. प्रथम धीर द्यावा आणि मग विचारावे, तुला आईवडिलांची काळजी लागली आहे काय, पत्नी-मुलांची लागली आहे काय. अंगुत्तरनिकायात आजारी नकुलपित्याला त्याची पत्नी सांगते की मी सूत कातण्यात व लोकर विंचरण्यात कुशल आहे, मुलांचे पोषण करीन, घर सांभाळीन. तुम्ही चिंतेने ग्रासलेले राहू नका. मनाचे ओझे उतरल्यावर तो बरा होतो. संसाराच्या चिंतेचे उत्तर येथे संसाराच्याच भाषेत दिले आहे.

आज उपलब्ध असलेली दारे

आज दारे मुळीच नाहीत असे नाही. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे व 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. मनाच्या दुखण्याविषयी घरबसल्या बोलण्यासाठी 'टेली-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून ती विनामूल्य, अहोरात्र व मराठीतही मिळते. बालकांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181 व तातडीच्या प्रसंगी 112 हे क्रमांक आहेत. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर विचारावे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला न चालविण्याचे व तिची काळजी घेण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. पोलिसांच्या भीतीने रुग्णास घरातच लपविण्याचे कारण आता उरलेले नाही.

तथापि दार असणे निराळे आणि दारापर्यंत पोहोचणे निराळे. जिरायती पट्ट्यातील वस्तीवरून बारामतीस जाण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडते. तेथे कोणत्या खिडकीपाशी उभे राहावे हे कळत नाही, आणि चार लोक पाहतील याची लाज वाटते. ही तीन विघ्ने दूर करणे विहाराला शक्य आहे. त्यासाठी देणगीची वाट पाहावयास नको. प्रत्येक विहाराने एक उपासक व एक उपासिका गिलानुपट्ठाक म्हणून नेमावी. वरील क्रमांक व पत्ते विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. ज्या घरात मृत्यू, कर्ज, व्यसन वा मारहाण यांमुळे संकट ओढवले असेल तेथे या दोघांपैकी एकाने स्वतः जावे, ऐकून घ्यावे आणि आवश्यक तर रुग्णालयाच्या वा न्यायालयाच्या दारापर्यंत सोबत करावी. ऐकलेले बाहेर बोलू नये. औषध डॉक्टरांचेच असावे, विहाराने त्याची जागा घेऊ नये. स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी करीत असेल तर त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राचे जे चार प्रकार सांगितले आहेत त्यांत भयभीताला आश्रय देणारा व गरज पडता मागितल्याच्या दुप्पट देणारा उपकारक मित्र पहिला आहे. सुप्याच्या बाजारपेठेपासून बावड्याच्या वस्तीपर्यंतचा इतिहास सांगतो की कायदे झाले, कालवे निघाले, तरी ते येईपर्यंतचे दिवस कुटुंबांना जवळच्या माणसांच्या बळावरच काढावे लागले. आपले विहार ही जवळची माणसे होऊ शकतात. पुढच्या पौर्णिमेच्या वंदनेनंतर, धम्मप्रवचनास बसण्यापूर्वी, आपल्या वस्तीत या महिन्यात कोणाच्या घरी जावयाचे राहिले आहे, एवढे एकमेकांस विचारावे. प्रवचन त्यानंतर व्हावे.