श्वेतपेशींचा ऱ्हास आणि कर्करोगोपचार : एका संज्ञेची ऐतिहासिक तपासणी

कर्करोगावरील औषधांमुळे रुग्णाच्या रक्तातील श्वेतपेशी घटतात, या घटनेस परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत ‘आनुषंगिक परिणाम’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

जुलै 1917 मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा प्रथम वापर केला. या वायूने पीडित झालेल्या सैनिकांच्या रक्तातील श्वेतपेशी घटतात व अस्थिमज्जा क्षीण होते, असे एडवर्ड आणि हेलन क्रुंभार यांनी 1919 मध्ये नमूद केले. येथे श्वेतपेशींचा ऱ्हास ही केवळ विषबाधेची खूण होती.

2 डिसेंबर 1943 रोजी इटलीतील बारी बंदरावर बाँबहल्ला होऊन ‘जॉन हार्वे’ या जहाजावरील मस्टर्डचा साठा फुटला. स्ट्यूअर्ट अलेक्झांडर या लष्करी वैद्याने बाधितांच्या रक्तात तोच ऱ्हास पाहिला. या दुर्घटनेतूनच कर्करोगाची रसायनचिकित्सा जन्मास आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु कालक्रम त्यास अनुकूल नाही. येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांच्या संशोधनातून नायट्रोजन मस्टर्डचा रुग्णावरील पहिला प्रयोग 1942 मध्येच झाला होता. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे कार्य 1946 पर्यंत प्रकाशात आले नाही. बारीच्या कथेस महत्त्व येण्यास हा विलंबही कारणीभूत झाला असावा.

येल येथील तर्क सरळ होता. जे द्रव्य निरोगी लसीकापेशींचा नाश करते, ते त्याच पेशींच्या अर्बुदाचाही नाश करील. त्याप्रमाणे रुग्णाची अर्बुदे वितळली. परंतु अस्थिमज्जेसही इजा पोचली आणि कालांतराने अर्बुदे पुन्हा वाढली. म्हणजेच ज्या गुणामुळे हे विष औषध ठरले, तोच गुण रुग्णास घातक होता. निदान या औषधाच्या बाबतीत तरी ‘आनुषंगिक’ हे विशेषण ऐतिहासिक दृष्ट्या असमर्थनीय ठरते.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. न्यूट्रोफिल पेशींची संख्या जसजशी घटते, तसतसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे जेराल्ड बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांत 1966 मध्ये संख्येने दाखविले. दाह आणि पू ही या पेशींच्याच कार्याची फळे होत. पेशीच नसल्या तर जखम लाल होत नाही, पू धरत नाही. पुष्कळदा ज्वर हेच एकमेव चिन्ह उरते. श्वेतपेशींची वाढ घडविणारे फिलग्रास्टिम 1991 मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तरी ज्वराचे महत्त्व उणे झाले नाही.

‘आनुषंगिक’ म्हटले की लक्ष दुय्यम होते. रुग्णाच्या उशाशी तापमापक घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थिनीस मात्र तो परिणाम दुय्यम मानून चालत नाही. तिच्यासाठी ‘अपरिहार्य परिणाम’ ही संज्ञा अधिक यथार्थ होय.