वडाखालची मुंबई

मुंबई शहराचा इतिहास लिहिणारांनीं गव्हर्नर मोजले, गोद्या मोजल्या, गिरण्या मोजल्या. परंतु या शहरांतील माणसें सायंकाळीं कोठें बसत, हें पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. जमिनीच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस सरकारी रस्ता, उत्तरेस विहीर, दक्षिणेस गल्ली. पण त्या चार सीमांच्या आंत एखादा वड असला, आणि त्या वडाखालीं रोज चार माणसें सुखदुःखाच्या गोष्टी करीत बसत असलीं, तर त्याची नोंद कोणताहि दस्तऐवज ठेवीत नाहीं. आज मला त्या नोंद न झालेल्या मुंबईविषयीं बोलावयाचें आहे.

या शहराचा जन्मच मुळीं देण्याघेण्यांत झाला. १६६१ च्या विवाहतहान्वयें पोर्तुगालच्या राजानें मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलें, आणि १६६८ सालीं त्या राजानें तें ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाकांठीं दहा पौंड भाड्यानें देऊन टाकलें. ज्याची पहिली ओळख आंदण आणि दुसरी भाडेपट्टा, त्या शहरानें पुढें जमिनीचा सौदा हाच आपला कुळाचार मानला, तर त्यांत नवल तें काय?

आपण आज टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभे राहिलों, तर समोर झाडांनीं भरलेला एक वाटोळा बाग दिसतो. ही इमारत १८३३ सालीं पुरी झाली, तेव्हां समोर बाग नव्हता; कोटाच्या आंतलें तें एक उघडें, धुळीचें पटांगण होतें. इंग्रज लोक त्याला ‘बाँबे ग्रीन’ म्हणत. येथेंच कापसाचे गठ्ठे रचले जात, म्हणून त्याला ‘कॉटन ग्रीन’ असेंहि नांव पडलें होतें. १८४४ सालीं कापसाचा बाजार कुलाब्यास गेला, विसाव्या शतकांत तो तेथूनहि उठून शिवडीकडे गेला. आणि नांव मात्र त्याच्या पाठोपाठ चालत राहिलें. हार्बरच्या गाडीनें जाणारा प्रवासी ‘कॉटन ग्रीन’ स्टेशनावर उतरतो, त्या वेळीं हें नांव तीन ठिकाणीं बिऱ्हाड करून येथवर आलें आहे, हें त्याच्या गांवींहि नसतें.

या पटांगणाच्या कडेला १७७६ पासून साहेबलोकांचें एक नाटकगृह होतें. तें कर्जांत बुडालें, आणि १८३५ सालीं त्याचा लिलाव झाला. जमशेटजी जिजीभाई यांनीं तें पन्नास हजार रुपयांस घेतलें. पुढें नव्या नाटकगृहाची मागणी झाली, तेव्हां जगन्नाथ शंकरशेट यांनीं ग्रँट रोडवरील आपली जमीन दिली, आणि १८४६ सालीं तेथें नवें थिएटर उघडलें. याच रंगभूमीवर १८५३ सालीं विष्णुदास भावे यांच्या मंडळीनें आपलीं नाटकें करून दाखविलीं. म्हणजे कोटांतील साहेबांची एक बैठक विकली गेली, आणि अखेर त्यांतून मराठी नाटकाला मुंबईंत पाय टेकायला जागा मिळाली. यासाठीं प्रत्येक सौद्याला दूषणच दिलें पाहिजे, असें मी म्हणणार नाहीं. सौदा कोणीं केला, आणि त्यांतून लोकांच्या पदरांत काय पडलें, हें पाहिलें पाहिजे.

याच टाउन हॉलसमोर वडाचीं झाडें होतीं. त्यांच्या सावलींत शेअरांचे दलाल जमत, असें परंपरेनें सांगतात. ना कचेरी, ना खुर्ची, ना पाटी. तोंडचा शब्द हाच करार. पुढें ही मंडळी मेडोज स्ट्रीटच्या नाक्यावरील वडांखालीं गेली, आणि १८७५ सालीं त्यांनीं आपली रीतसर संस्था स्थापून दलाल स्ट्रीटवर ठाण मांडलें. आज ज्या बाजाराच्या चढउतारावर देशाची नाडी पाहतात, तो एके काळीं झाडाखालचा कट्टा होता.

दरम्यान मूळ पटांगणाचें काय झालें? पोलीस खात्याचे प्रमुख चार्ल्स फोर्जेट यांनीं ही धुळीची जागा सुधारून भोंवतीं इमारतींचें कडें उभारावें, अशी कल्पना मांडली. लॉर्ड एल्फिन्स्टन व त्यांच्यामागून आलेले सर बार्टल फ्रिअर यांनीं ती उचलून धरली. म्युनिसिपालिटीनें ती सारी जागा घेतली, कडेचे तुकडे पाडून ते व्यापारी पेढ्यांना चांगल्या नफ्यानें विकले, आणि मधला भाग बागेसाठीं राखून ठेवला. १८७२ पर्यंत हें एल्फिन्स्टन सर्कल पुरें झालें. स्वातंत्र्यानंतर ‘बाँबे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचें नांव त्याला देण्यांत आलें. या व्यवहारांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, अशी माझी विनंति आहे. तिच्याकडे मला शेवटीं परत यावयाचें आहे. कडा विकला गेला, पण मध्य राहिला. कारण विकणारी संस्था लोकांची होती.

आतां त्या वडाखालच्या मंडळींची दुसरी कथा. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला कीं त्याला ठेवायला ठाव उरला नाहीं. बेटावर जमीन थोडी. म्हणून पैशानें समुद्राकडे पाहिलें. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतील बॅक बेच्या कंपनीच्या पांच हजार रुपये भरलेल्या भागाची किंमत पन्नास हजारांच्या घरांत गेली. जी जमीन अद्याप पाण्याखालीं होती, जिच्यावर कोणाचें पाऊल पडलें नव्हतें, ती वडाखालीं एकाच्या नांवावरून दुसऱ्याच्या नांवावर जाऊं लागली. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध थांबलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षीं १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस उजाडला, तेव्हां देणारा कोणी उरला नाहीं. पेढ्या बुडाल्या, घराणीं बसलीं, बँक ऑफ बाँबेहि त्या तडाख्यांतून वांचली नाहीं. सर दिनशा वाच्छा यांनीं तरुणपणीं पाहिलेल्या या काळाच्या आठवणी १९२० सालच्या आपल्या पुस्तकांत लिहून ठेविल्या आहेत, त्या जिज्ञासूंनीं अवश्य वाचाव्यात.

या लाटेच्या शिखरावर प्रेमचंद रायचंद होते. त्यांनीं वैभवाच्या दिवसांत विश्वविद्यालयाला ग्रंथालय व मनोरा यांसाठीं चार लाख रुपये दिले होते. १८७८ सालीं पुरा झालेला तो मनोरा त्यांच्या मातुश्रींच्या नांवानें राजाबाई टॉवर म्हणून उभा आहे. समुद्रांत घातलेला पैसा समुद्रांत गेला. लोकांसाठीं दिलेला तेवढा उरला.

आतां कोटाबाहेर येऊं. १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहिलें, तेव्हां मुंबई हें तळ्यांचें शहर होतें. धोबीतलाव, गवालिया तलाव, कावसजी पटेल यांचा तलाव, मुंबादेवीचा तलाव. यांतील कांहीं दानशूर गृहस्थांनीं लोकांच्या पाण्याची सोय म्हणून बांधविले होते. तळ्याचा कांठ ही त्या काळची खरी बैठक. सकाळीं स्नानसंध्या, दुपारीं धुणें, सायंकाळीं वाऱ्याला बसणें. १८६० सालीं विहारचें पाणी नळानें आलें, १८९२ सालीं तानशाचें आलें, आणि पाण्यासाठीं तळ्यावर जाण्याचें कारण सरलें. पुढें हिंवतापाच्या डांसांचें घर म्हणून तळीं बुजविलीं गेलीं. हा निर्णय आरोग्याच्या दृष्टीनें चूक होता असें कोण म्हणेल? परंतु तळें बुजलें म्हणजे पाणीच नाहींसें होतें असें नाहीं. कांठहि नाहींसा होतो. गवालिया तलावाचें भाग्य मात्र थोर. त्या बुजलेल्या तळ्याचें मैदान झालें, आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजीं ‘चले जाव’चा ठराव तेथें संमत झाला. ती जागा त्या वेळीं इमारतींनीं भरली असती, तर ते हजारों लोक कोठें उभे राहिले असते?

१८९६ सालीं प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट घरांत तो कसा फोफावतो, हें दिसल्यावर १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें दाट वस्ती फोडून सँढर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे जमीन घेऊन, आंखून, भाडेपट्ट्यानें दिली. याच काळांत, १९१५ सालीं, गांवदेवीस सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. एकट्याला न झेपणारी जमीन दहांनीं मिळून घेण्याची ती नवी रीत होती. माहीमकडे १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें एक विस्तीर्ण मैदान लोकांस खुलें केलें. १९२७ सालीं त्याला शिवाजी पार्क हें नांव मिळालें. त्याच्या कडेचा बसका कट्टा आज पिढ्यान्‌पिढ्या गप्पांनीं झिजतो आहे. तो तेथें आहे, कारण मैदान आधीं आंखलें गेलें आणि इमारती मागून आल्या.

आतां थोडें स्वतःचें सांगतों. माझ्या विद्यार्थिदशेंत गिरगांवांतील एका नाक्यावर इराण्याचें दुकान होतें. संगमरवरी टेबलें, काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर अबोल मालक. एका चहावर आम्ही दोन दोन तास बसत असूं. एकच वर्तमानपत्र, त्याचीं पानें सुटीं करून पांच टेबलांवर फिरत. मालक कधीं ‘उठा’ म्हणाला नाहीं. त्याचा तो चांगुलपणा होता, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों. आणि तो होताच. पण त्याच्या मागें एक हिशेबहि होता, हें मला उशिरां कळलें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुनीं भाडीं १९४० च्या दरांशीं बांधून ठेवलीं होतीं. भाडें थोडें, म्हणून घाई थोडी. घाई थोडी, म्हणून गिऱ्हाइकाला बसूं देणें परवडे. हिंदु दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असें सांगतात. पुढें दोन रस्त्यांवर तोंड असलेला तोच कोपरा सर्वांत महाग ठरला. मालकाचीं मुलें दुसऱ्या उद्योगांत गेलीं, इमारत पाडावयाची ठरली, आणि दुकान बंद झालें. आज तेथें औषधांचें झगझगीत दुकान आहे. तेथेंहि माणसें येतात. पण बसत नाहींत.

आणि शेवटीं गिरणगांव. लालबाग-परळच्या चाळींतील एका खोलींत पाळीपाळीनें झोंपणारे कामकरी राहत. दिवसपाळीचा उठला कीं रातपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकी. ज्याला घरीं पाय पसरायला जागा नाहीं, त्याला नाका ही चैन नव्हती. तें त्याचें दिवाणखान्याचें दालन होतें. बायांनीं चालविलेल्या खानावळी, तालमी, भजनी मंडळें, गणपतीचा मांडव, गांवाकडचें पत्र वाचून दाखविणारा एखादा शिकलेला शेजारी, यांवर तें गांव उभें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक निमाल्या. उरली ती सुमारें सहाशें एकर जमीन.

१९९१ च्या नियमानें या जमिनीचे तीन वांटे ठरविले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकासाठीं. २००१ सालीं त्या नियमांत बदल झाला. वांटणी साऱ्या जमिनीची न राहतां केवळ आधींपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची ठरली, आणि लोकांचे दोन वांटे आखडून गेले. २००५ सालीं सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या पांच गिरण्यांची जमीन दोन हजार कोटींहून अधिक रुपयांस विकली गेली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल वैध ठरविला. कायद्याचा निकाल लागला. इतिहासाचा निकाल मात्र तेवढ्यानें लागत नाहीं.

मघाशीं मीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा म्हटलें होतें. परक्या राजवटींतील म्युनिसिपालिटीनें, नफ्यावर डोळा ठेवूनहि, एका धुळीच्या पटांगणाचा कडा विकला आणि मध्य राखला. आपल्या राज्यांत सहाशें एकरांचा सौदा होत असतां आपल्याला मध्य कां राखतां आला नाहीं? हा प्रश्न केवळ सरकारला विचारून भागणार नाहीं. तेथें नाक्यावर बसणारा कामकरी बोलत होता; पण आपण, शिकलेलीं, स्थिर घरांत राहणारीं माणसें, त्या वेळीं किंमतींचे आंकडे वाचीत होतों.

जुने कट्टे परत येणार नाहींत, आणि सारेच यावेत असेंहि नाहीं. डांसांचीं तळीं आणि प्लेगचीं घरें कोणाला हवीं आहेत? मागणें एवढेंच आहे कीं, आपल्या गल्लींतील एखादी जागा बांधकामासाठीं मोकळी होईल, त्या दिवशीं तिची किंमत विचारण्यापूर्वीं एकदां तिन्हीसांजेला तेथें जाऊन पाहावें, कीं तेथें कोण बसतें. आणि तें कागदावर लिहून ठेवावें. कारण दस्तऐवज तें लिहिणार नाहीं.