हुंडीचें निमें व पेढीचा संकेत

जुनी हुंडी हातीं आली असतां संशोधकास दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: ती कोणत्या पेढीवर केली आहे, आणि ती खरी कशावरून? पहिल्याचें उत्तर मजकुरांतील नांवानें मिळतें. दुसऱ्यासाठीं अक्षर, सही व रकमेसोबत लिहिलेलें तिचें निमें ताडून पाहावें लागतें. परदेशीं रकमा पाठविण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या ‘बिक’ नामक संकेतासही हाच विवेक लागू आहे, असें आमचें मत आहे.

हा संकेत ‘स्विफ्ट’ संस्थेच्या व्यवहारांतून रूढ झाला. १५ देशांतील २३९ पेढ्यांनीं ती १९७३ सालीं ब्रुसेल्स येथें स्थापिली; तिचा पहिला संदेश १९७७ सालीं गेला. तत्पूर्वीं हें काम टेलेक्सवर चाले व खरेपणासाठीं गुप्त कोष्टकावरून काढलेला आंकडा संदेशांत घालीत. या संस्थेमार्फत पैसा जात नाहीं, केवळ आज्ञा जाते. रक्कम पेढ्यांच्या परस्परांकडील खात्यांतून वळती होते. हुंडीचें तत्त्व याहून निराळें नव्हे.

संकेतास ८ किंवा ११ स्थानें असतात: ४ पेढीचीं, २ देशाचीं, २ स्थळाचीं व ऐच्छिक ३ शाखेचीं. ‘डीईयूटी–डीई–एफएफ’ म्हणजे डॉइश बँक, जर्मनी, फ्रांकफुर्ट. तथापि आयएसओ ९३६२ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनंतर दिलेल्या संकेतांत देशाक्षरांखेरीज इतरांस अर्थ असेलच असें नाहीं. सबब अशा संकेतावरून गांव ठरविणें धोक्याचें होय.

याहून मोठा धोका संकेतास खरेपणाचा पुरावा मानण्यांत आहे. फेब्रुवारी १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०१६ मध्यें चोरांनीं बांगलादेश बँकेच्या यंत्रणेंत शिरून तिच्याच नांवें न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेस सुमारें ९५ कोटी डॉलरांच्या आज्ञा पाठविल्या. त्यांपैकीं ८ कोटी १० लक्ष मनिला येथें पोंचले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र परत मिळाले. तेथें ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या चुकीच्या लेखनानें संशय उत्पन्न केला होता.

पाठविणाऱ्याचा संकेत खरा, आज्ञा बनावट! खऱ्या शिक्क्याखालीं खोटा मजकूर आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. तात्पर्य, संकेत पेढीचा पत्ता सांगतो, तिच्या वचनाची ग्वाही देत नाहीं; अक्षरपरीक्षेचें काम शेवटीं वाचणाऱ्याकडेच राहतें.