लहान मुलांचे भूमिकाखेळ

टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसून, बोलून खेळायच्या भूमिकाखेळांचे साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी केलेले रूप. एक जण सूत्रधार होतो. खेळणारे त्याला गेम मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, प्रत्येक मूल आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते सांगते आणि बेत साधेल की फसेल अशी शंका असेल तेथे फासा पडतो. पट लागतोच असे नाही. एकाने जिंकायचे आणि दुसऱ्याने हरायचे असे यात नसते, आणि गोष्ट कुठे जाणार हे सूत्रधारालाही आधी ठाऊक नसते.

या खेळप्रकाराच्या जन्मवेळी मुले हजर होती. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्स यांनी 1972 मध्ये ग्रेहॉक या काल्पनिक किल्ल्याखालच्या भुयाराचा पहिला मजला आखला, तेव्हा तो प्रथम खेळून पाहिला त्यांच्याच एर्नी आणि एलीस या मुलांनी. भुयारातल्या प्राण्यांशी झुंजून त्यांनी तांब्याच्या नाण्यांची पेटी मिळवली, पण ती इतकी जड निघाली की उचलून नेता येईना. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला तो मात्र युद्धखेळ खेळणाऱ्या मोठ्यांसाठी. त्यातील तक्ते आणि आकडेमोड लहानांच्या आवाक्याबाहेरची होती. फ्रँक मेंट्झर यांनी सोपी करून लिहिलेली याच खेळाची 1983 ची लाल पेटीसुद्धा दहा वर्षांपासून पुढच्यांसाठी होती.

अगदी लहानांसाठी वेगळे नियम लिहिण्याचे काम पुढे झाले. जस्टिन हॅलिडे यांच्या ‘हिरो किड्स’मध्ये (2012) लुडोत असतात तसे सहा बाजूंचे फासेच लागतात, त्याच्या पहिल्या साहसात मुले तळघरात शिरलेल्या उंदरांशी लढतात. मार्टिन लॉइड यांच्या ‘अमेझिंग टेल्स’मध्ये पात्राला चार गुण असतात आणि प्रत्येक गुणाचा फासा वेगळा. जे सर्वांत चांगले येते त्याला बारा बाजूंचा, जे जेमतेम येते त्याला सहा बाजूंचा. तीन किंवा अधिक पडले की काम फत्ते. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे एका दमात समजते. माँटी कुक आणि शॅना जर्मेन यांच्या ‘नो थँक यू, ईव्हिल!’ मध्ये पात्र म्हणजे एक वाक्य असते. धाकटा नुसते ‘मी चाचा’ म्हणतो, थोडा मोठा त्याला ‘शूर’ जोडतो, त्याहून मोठा तो चाचा काय करतो तेही सांगतो. आणि तिघे एकाच डावात बसतात. ‘युयाके कोयाके’ (2006) हा र्‍यो कामिया यांचा जपानी खेळ तर फासे आणि लढाई दोन्ही वगळतो. खेळाडू माणसाचे रूप घेऊ शकणारे कोल्हे, मांजरे, ससे होऊन गावातल्या माणसांच्या लहानसहान अडचणी सोडवतात. मुलांना लढाईशिवाय रंगत वाटत नाही, हा मोठ्यांचा समज या खेळाने खोटा पाडला.

नियम कोणतेही असोत, डाव तरतो तो सूत्रधारावर. तीन-चार मुले आणि तासाभराचा डाव पुरे. त्यापुढे लक्ष उडते. वर्णन दोन-तीन वाक्यांत संपवून ‘तू काय करतोस?’ असे नाव घेऊन विचारावे, नाहीतर मोठ्या आवाजाचे मूल सगळी गोष्ट बळकावते. भीतीचे माप मुलावर सोडावे. ‘नो थँक यू, ईव्हिल!’ हे शब्द उच्चारून त्या खेळात मुलाला भयानक प्रसंग थांबवता येतो, आणि अशी खूण कोणत्याही खेळात आधी ठरवता येते. फासा फसला म्हणजे ‘काहीच झाले नाही’ असे कधी म्हणू नये: कुलूप उघडले नाही, पण आवाजाने राक्षस जागा झाला, असे काहीतरी घडले पाहिजे.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे पकडापकडीत धाकट्याला कच्चे लिंबू म्हणून घेतात. तो धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. पुष्कळ प्रेमळ सूत्रधार नेमके हेच करतात. पडलेला फासा लपवतात आणि मुलाने काहीही म्हटले तरी ठरलेली गोष्ट पुढे रेटतात. मुलांच्या हे ध्यानात येते. राक्षसाशी लढायचे सोडून त्याला जेवायला बोलवावे असे एखादीने ठरवले, तर राक्षस जेवायला आलाच पाहिजे, आणि कोठीतले धान्यही संपले पाहिजे. निर्णयाचा परिणाम दिसतो म्हणूनच मूल पुढच्या वेळी थांबून विचार करते.

या खेळांनी गणित किंवा भाषा सुधारते असे दावे सर्रास केले जातात. फाशांची बेरीज आणि सलग बोलणे यांचा सराव होतो हे उघड आहे, पण ते आनुषंगिक. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात मांडलेला मुद्दा अधिक मोलाचा आहे: खेळात मूल आपणहून नियमाला बांधून घेते आणि क्षणाची ऊर्मी आवरते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि दुसऱ्याच्या बेताला हात देणे हे भूमिकाखेळात त्यामुळेच दटावणीवाचून घडते.

महागडे पुस्तक नसले तरी अडत नाही. प्रत्येक मुलाने पात्राचे नाव आणि त्याला उत्तम येणारी एक गोष्ट सांगावी. एक फासा घ्यावा, चार किंवा अधिक पडले की जमले असे धरावे. उत्तम येणाऱ्या कामाला दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यावा. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर येत्या सुटीत एवढ्यावर एक डाव मांडून पाहावा, आणि पहिला प्रश्न सर्वांत धाकट्याला विचारावा.