रिंगा गेल्या, मियाँ!

धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. हे मला शाळकरी वयातच पाठ होतं. अब्बा मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी. 1984 च्या पावसाळ्यात तिनं निळा धूर सोडायला सुरुवात केली आणि घरातलं बोलणंच कमी झालं.

कुर्ल्याच्या गॅरेजात उस्तादांनी प्लग काढले, भोकांवर अंगठा धरून दाब पाहिला. मग आत थोडं ऑइल ओतून पुन्हा पाहिला. दाब वाढला. "रिंगा गेल्या, मियाँ!" हेड उतरवल्यावर त्यांनी मला सिलिंडरच्या वरच्या काठाला नख लावायला सांगितलं. नख अडकलं. इतकी झीज! बोअरिंगसाठी ब्लॉक लेथवाल्याकडे गेला. अब्बांची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली, वर उसनवारी. पण झिजलेले पिस्टन त्यांच्या हातात होते.

कुर्ल्याला हे ज्ञान उगाच आलं नव्हतं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथंच होता. फियाट 1100 ची ही गाडी 1974 पासून पद्मिनी नावानं निघू लागली. 1089 सीसीचं तेच इंजिन वर्षानुवर्षं राहिलं, म्हणून एका पिढीचा हात दुसरीला शिकवू शकला. नवी गाडी महाग, तिची प्रतीक्षा लांब; इंजिन दुरुस्त करण्यावाचून इलाज नव्हता. सगळे उस्ताद प्रामाणिक होते असं मात्र नाही. जुनाच पिस्टन घासूनपुसून नवा म्हणून बसवणारेही त्याच गल्लीत होते.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली. नव्या शतकात प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बुरेटर गेला, इंजिनचा कारभार संगणकाकडे गेला. दोष आता पडद्यावर दिसू लागला, आणि पडदा कंपनीच्या वर्कशॉपात.

चार वर्षांपूर्वी माझी गाडी थरथरू लागली. वर्कशॉपनं सांगितलं, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, 1 लाख 35 हजार. मी म्हटलं, दाखवा. ग्राहकाला आत परवानगी नव्हती.

गाडी उस्तादांच्या नातवाकडे नेली. त्यानं अंगठ्याऐवजी गेज लावला, ऑइलही ओतलं. एका सिलिंडरचा दाब कमीच राहिला. म्हणजे रिंगा शाबूत, दोष व्हॉल्व्हचा. फक्त हेड उतरवायचं! पण व्हॉल्व्ह बाजारात मिळेना. कंपनीच्या डीलरकडून यायला अकरा दिवस लागले.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. कंपन्या दाद मागायला गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. त्यात मोटारीही आहेत.

माझं बिल 31 हजार झालं. पैसे मोजल्यावर नातवानं एक पुडी पुढे केली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना व्हॉल्व्ह होता, एका बाजूनं काठ जळून तुटलेला. "बघून घ्या, चाचा," तो म्हणाला. मी नख लावून पाहिलं.